निसर्गाकडे पाठ फिरवून

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कुणाही शिकल्यासवरल्या मराठी माणसाला बसवावं, हातात कागद-पेन्सिल द्यावी आणि समोर दिसतंय ते काढा म्हणून सांगावं. समोर काय नाही? आत वळलेला अजस्र कडा, कोकणात उतरत गेलेल्या सोंडा, एकावर एक रचलेले काळ्या बेसॉल्टचे थर. कागदावर मात्र दोन त्रिकोण उमटतात. त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, सूर्यातूनच उगम पावलेली आणि पुढे येताना रुंद होत गेलेली नदी, नदीकाठी कौलारू झोपडी, तिला टेकायला आलेलं नारळाचं झाड आणि आभाळात मराठी चार आकड्याचे सहा पक्षी. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला आहे, तिथे सूर्य मावळतो. चित्रातला सूर्य उगवतच असतो. चार हजार फुटांच्या आसपास नारळ येत नाही, पण चित्रात त्याला कुणी अडवत नाही. या माणसाची दृष्टी अधू नसते. त्याला कडा दिसत असतो, आवडतही असतो, तो दहा वेळा ‘काय व्ह्यू आहे’ असं म्हणतही असतो. अडचण अशी की हात डोळ्यांचं ऐकत नाही, डोक्याचं ऐकतो. आणि डोंगर कसा असतो हे डोक्याला तिसरीपासून माहीत असतं. एकदा माहीत झालं की पुन्हा बघायची गरज काय, असा डोक्याचा सरळ हिशोब असतो.

माझं म्हणणं असं की जुन्या चित्रकारांनी हा रोग नेमका ओळखला होता. उघड्यावर बसून निसर्गचित्र काढायच्या ज्या जुन्या पद्धती आज हौशी मंडळी पुन्हा शिकू लागली आहेत, त्यांच्याकडे ओळीने पाहिलं तर त्या सगळ्यांचा सूर एकच निघतो: काहीही करा, पण निसर्गाकडे सरळ बघू नका. एक डोळा मिटा, जाळीतून बघा, भोकातून बघा, आरशात बघा. निसर्गचित्राच्या इतिहासाचा मोठा भाग म्हणजे माणसाने निसर्गाकडे थेट न पाहण्यासाठी केलेली खटपट आहे, आणि ती खटपट शहाणपणाची होती असं मला वाटतं.

यातला सर्वात विनोदी प्रकार काळ्या आरशाचा. सतराव्या शतकात रोममध्ये राहून सोनेरी धुक्यातली निसर्गचित्रं काढणारा क्लोद लोरँ (सु. 1600–1682) इंग्रजांना इतका आवडला, की पुढच्या शतकात त्याच्या नावाचा आरसा निघाला. तळहातावर मावेल एवढा, किंचित फुगीर, काळसर काचेचा. इंग्लंडातले सुखवस्तू पर्यटक तो खिशात घालून सरोवरांच्या प्रदेशात जात, उत्तम देखावा असलेल्या जागी पोचत आणि त्या देखाव्याकडे चक्क पाठ करून उभे राहत. मग आरसा खांद्याच्या उंचीला धरून त्यात मागचा डोंगर न्याहाळायचा. म्हणजे दोनशे मैल घोडागाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची ती मान फिरवण्यासाठी. थॉमस ग्रे हा कवी 1769 मध्ये असाच हिंडत होता. आरशात बघत चालताना तो चिखलाच्या वाटेवर उताणा पडला. बोटांची सालटी निघाली, तरी उठून त्याने सूर्यास्त पाहिलाच, आणि हे सगळं स्वतःच लिहूनही ठेवलं. सेल्फी काढताना दरीत जाणाऱ्या पिढीने त्याला हसू नये.

हसून झालं की आरसा करतो काय ते पाहावं. फुगीर असल्यामुळे अख्खी दरी तळहातावर येते. काळा असल्यामुळे ऊन मवाळ होतं, पानं-दगड-गवत ही बारीकसारीक गर्दी विरून जाते आणि उरतात ते काळोखाचे आणि उजेडाचे चार मोठे तुकडे. शिवाय डावीकडचं उजवीकडे झाल्याने रोजचा डोंगरही परका वाटू लागतो. डोक्याला ‘हा डोंगर, हे झाड, हे माहितीय’ असं म्हणायला जागाच राहत नाही. आपल्याकडचे चित्रकलेचे शिक्षक ‘डोळे बारीक करून बघा’ म्हणतात, ते याच आरशाचं बिनखर्ची रूप. फक्त डोळे बारीक केलेला माणूस झोपाळू दिसतो, आणि आरसा घेतलेला वेडा.

आरशाच्याही तीनशे वर्षं आधी जाळी आली. आल्बेर्ती या इटालियन विद्वानाने 1435 मध्ये चित्रकलेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने चित्रकार आणि देखावा यांच्यामध्ये एक झिरझिरीत कापड ताणायला सांगितलं. त्यात जाड दोऱ्यांनी चौकोन पाडलेले. कागदावरही तेवढेच चौकोन आखायचे आणि या घरातलं त्या घरात उतरवत जायचं. जर्मन चित्रकार ड्यूररच्या 1525 च्या पुस्तकात अशा यंत्रांची लाकूडठशाची चित्रं आहेत. त्यांतला चित्रकार एका ठरावीक छिद्राला डोळा लावून असा अवघडलेला आहे की मॉडेलपेक्षा त्याचीच दया यावी. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने 1882 मध्ये हेगला असताना अशीच चौकट बनवून घेतली. दोन खांबांवर बसणारी, वर-खाली सरकणारी, टोकांना लोखंड ठोकलेली. ती घेऊन तो शेवेनिंगनच्या वाळूत जाई आणि खिडकीतून बघावं तसं तिच्यातून समुद्राकडे बघे. ज्याच्या नावाने आज ‘मनात येईल तसं रंगवा’ असा उपदेश केला जातो, तो माणूस शिकताना तारांच्या चौकोनात डोकं घालून बसला होता, हे उपदेश करणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

चौकटीचं काम ठिपक्यांच्या रांगोळीसारखं आहे. रांगोळी घालणारीला मोर काढायचा नसतो. या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत जायचं असतं, आणि मोर आपोआप होतो. चौकटीतही डोंगर काढायचा नसतोच. तिसऱ्या घरात रेघ डावीकडून शिरते, निम्म्यावर वाकते, उजव्या खालच्या कोपऱ्यातून निघून जाते, एवढंच काढायचं. त्या घरात काय आहे हे डोक्याला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. मग एकदम लक्षात येतं की सह्याद्रीत त्रिकोण औषधापुरतेच आहेत. लाव्हाचे थर आडवे पसरले आणि नंतर झिजले, त्यामुळे माथे बहुतेक सपाट, आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे. हे भूगोलाच्या पुस्तकात वाचून आपण परीक्षेत लिहिलं, आणि पुढच्याच तासाला चित्रकलेच्या वहीत दोन त्रिकोण काढले. दोन्हींना मार्क मिळाले.

इथे आक्षेप येतो, आणि जोरात येतो: ही तर कॉपी झाली! खरा कलावंत नुसत्या डोळ्यांनी काढतो. हा आक्षेप नवा नाही. सुमारे सहाशे वर्षांपूर्वी आल्बेर्तीलाही तो ऐकावा लागला असणार, कारण अशा साधनांची सवय लागली तर त्यांच्यावाचून चित्रकाराचं पान हलणार नाही असं म्हणणाऱ्यांचा उल्लेख त्याने केला आहे आणि त्यांचं ऐकणार नाही असंही बजावलं आहे. पण आल्बेर्तीच्या बजावण्यापेक्षा मला एका फजितीचा पुरावा जास्त पटतो. विल्यम वोलस्टन या शास्त्रज्ञाने 1806 मध्ये कॅमेरा ल्युसिडाचं पेटंट घेतलं. एका दांडीवर बसवलेला चिमुकला लोलक. त्याच्या कडेवर डोळा ठेवला की अर्ध्या बुबुळाला समोरचा देखावा दिसतो आणि अर्ध्याला कागद, म्हणजे देखावा कागदावर पडल्याचा भास होतो. नुसतं गिरवायचं. कॉपी म्हणावी तर याहून सोपी कॉपी नाही. 1833 च्या ऑक्टोबरात हेन्री फॉक्स टॅलबट नावाचा इंग्रज गृहस्थ नव्या बायकोला घेऊन इटलीत कोमो सरोवराकाठी गेला आणि हे यंत्र घेऊन गिरवायला बसला. टॅलबट साधा माणूस नव्हता, गणिती होता, विद्वान होता. डोळा लोलकावर होता तोवर सगळं सुंदर होतं. डोळा बाजूला घेतल्यावर कागदावर उरलेल्या रेघा बघवत नव्हत्या. बरोबरच्या इतरांची चित्रं, बायकोचंही, त्याच्याहून बरी आली. तेव्हा हे चित्र कागदावर आपलं आपण उमटून तिथेच राहिलं तर किती बरं, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्यातूनच त्याने फोटोग्राफीची आपली पद्धत शोधली. यंत्र तुमच्यासाठी चित्र काढत नाही याचा याहून मोठा दाखला कुठे मिळायचा? यंत्र फक्त कुठे बघायचं ते सांगतं. ज्याला कॉपी जमली नाही त्याने फोटोग्राफीची वाट धरली; नवरा-बायकोच्या स्पर्धेचा जगाला एवढा फायदा क्वचितच झाला असेल.

रंगांच्या बाबतीत डोकं जास्तच हट्टी. झाड हिरवं, माती तपकिरी, पाणी निळं, हे कायद्याने ठरल्यासारखं असतं. जॉन रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाने 1857 मध्ये हौशी लोकांसाठी चित्रकलेचं पुस्तक लिहिलं (आपलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट त्याच वर्षी सुरू झालं), त्यात एक फार स्वस्त युक्ती आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याला वाटाण्याएवढं भोक पाडा, पुठ्ठा हातभर लांब धरा आणि त्या भोकातून देखाव्याचा एकेक तुकडा बघा. भोकात दिसतो तो नुसता रंग. तो झाडाचा की म्हशीचा हे कळायला मार्ग नसतो. या पुठ्ठ्यातून दुपारी तीनला पुण्याच्या टेकडीवरून सिंहगड बघावा. गड हिरवा नाही, तपकिरीही नाही. फिकट जांभळा-राखाडी आहे, आणि त्याच्या मागची रांग आभाळापेक्षा जेमतेम गडद. गोदाघाटावरचं पाणी निळं कधीच नसतं, हे तर पुठ्ठ्याशिवायही कळायला हवं होतं.

मग वेळेचा प्रश्न. व्हालेंसिएन या फ्रेंच चित्रकाराने 1800 साली छापलेल्या ग्रंथात नियम घातला: उघड्यावरचा अभ्यास दोन तासांत संपलाच पाहिजे, आणि सूर्योदय-सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात. कारण दोन तासांनी सावल्या सरकलेल्या असतात. पुढे जे काढाल ते सकाळच्या डोंगरावर दुपारचं ऊन असतं. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलने 1821-22 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसते ढग रंगवले आणि कागदांच्या पाठीमागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपून ठेवली. आपल्याकडे जुलैत लोणावळ्याला ही शिस्त पाळायची म्हणजे घड्याळ काढून ठेवूनच बसावं लागेल. ड्यूक्स नोज या कड्याची बाह्यरेषा अर्धी होते तोवर नाक ढगात गेलेलं असतं. कागद वाळत नाही, आणि रंग आपापल्या मर्जीने शेजारच्या घरी जातात. अशा वेळी डोक्याला पुन्हा संधी मिळते. समोरचा डोंगर गायब झाला की ते लगेच गोदामातला त्रिकोण पुढे करतं. दोन तासांचा नियम आहे तो यासाठी. बघणं संपलं की काढणंही संपलं पाहिजे.

‘पण ते इम्प्रेशनिस्ट? ते तर सरळ बघायचे ना?’ हा पुढचा आक्षेप. थेट बघण्याच्या पंथातला सर्वात मोठा महंत मोने. तो 1889 मध्ये फ्रान्समधल्या क्रूझच्या खोऱ्यात एक निष्पर्ण ओक रंगवत होता. पावसाने खोळंबा झाला, वसंत आला, ओकला पालवी फुटली. व्हालेंसिएन म्हणाला असता, चित्र संपव आणि घरी जा. मोनेने झाडाच्या मालकाची परवानगी काढून माणसं लावली आणि सगळी पानं खुडून घेतली. दोनच वर्षांनी तो पॉप्लरची झाडं रंगवत असताना ती तोडायचा लिलाव निघाला, तेव्हा चित्रं पुरी होईपर्यंत झाडं उभी ठेवावीत म्हणून त्याने लाकूडवाल्याला पैसे दिले. निसर्ग जसा आहे तसा बघणाऱ्या माणसाने निसर्गाला इतकं धरून ठेवावं! त्यापेक्षा एक डोळा मिटून चौकटीमागे बसणारा बापडा किती निरुपद्रवी. तो झाडाच्या एका पानालाही हात लावत नाही.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. या जुन्या साधनांबरोबर जुन्या साहेबाची आवडनिवड फुकटात घरी येते, असं कुणी म्हटलं तर ते झटकून टाकता येत नाही. विल्यम गिल्पिन या पाद्र्याने 1782 मध्ये वाय नदीच्या सफरीवर पुस्तक लिहून निसर्ग ‘चित्रासारखा’ कुठे आहे आणि कुठे नाही याचे निकाल दिले. टिंटर्नच्या पडक्या मठाच्या भिंती त्याला फार सरळ वाटल्या. हातोडा घेऊन जरा जपून दोनचार ठोके घातले तर बरं, असं त्याने सुचवलं. गायी रंगवायच्या तर तीन चांगल्या, दोन जमत नाहीत, हेही त्याचंच. हातोड्याची कल्पना त्याच्या देशबांधवांनी पुढे आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. 1818 नंतर सह्याद्रीतल्या कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या गेल्या. उद्देश अर्थात सौंदर्याचा नव्हता. तेव्हा इथे साधनासाधनांत भेद करायला हवा. चौकटीला स्वतःची आवड नसते. पुठ्ठ्यातल्या भोकालाही नसते. काळ्या आरशाला मात्र असते: तो सगळंच क्लोदच्या चित्रासारखं करून दाखवतो, वैशाखातलं सोलापूरही त्यात इटलीची संध्याकाळ होऊन बसतं. म्हणून आरसा घटकाभर बघून खिशात टाकावा, आणि गिल्पिनचे निकाल तर खिशापर्यंतही आणू नयेत. आपल्या माळावर एकच गाय असेल तर एकच काढावी.

आणि ‘हे सगळं परकं’ म्हणावं तर तेही खरं नाही. मूर्तिकारांचं तालमान म्हणजे मोजूनमापूनच काम, आणि सिनेमाचे पोस्टर रंगवणाऱ्यांनी चौकोन आखल्याशिवाय नायकाचं नाक कधी मोठं केलं नाही. शिवाय सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्यातच हा प्रयोग झालेला आहे. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स आणि इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यामुळे पेशव्यांच्या पुण्यात चित्रशाळा निघाली, आणि तिथे गंगाराम तांबट नावाच्या माणसाने पाश्चात्त्य रेखाटन आत्मसात केलं. वेरूळच्या लेण्यांची त्याची रेखाटनं, पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र, हे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गेंड्याला दोन तासांचा नियम माहीत नसणार, तरी चित्रातला गेंडा गेंडाच आहे. तिसरीतल्या मुलाला गेंडा काढायला कुणी शिकवत नाही, म्हणूनच बहुधा तो गंगारामाला बघून काढावा लागला.

मोबाईलचा मुद्दा राहिला. ‘फोटो काढा आणि घरी बसून रंगवा, एवढा उपद्व्याप कशाला?’ फोनचं भिंग रुंद असतं, त्यामुळे कळसूबाई टेकाडाएवढं होतं आणि पायाजवळचा दगड कळसूबाईएवढा. काय ठेवायचं, काय गाळायचं, हे सगळं फोनने आधीच ठरवलेलं असतं आणि बघणं तर झालेलंच नसतं. तरीही फोन न्यावा. तो बंद करावा. बंद पडद्याची काळी काच ही अठराव्या शतकातल्या आरशाची फुकटातली आवृत्ती आहे. फुगीर नाही एवढंच. पाठ फिरवून तो खांद्याशी धरला की मागचा डोंगर त्यात मंद, काळसर, बारकाव्यांविना उभा राहतो. रस्त्यातून बघत चालू नये, ग्रेचं काय झालं ते आठवावं.

जुन्या सामानाच्या वेडाबद्दल मात्र मी फारसं बोलणार नाही. हंसाची पिसं, हाताने केलेला कागद, हिरडा आणि हिराकस उकळून केलेली शाई, कापून तासलेला बोरू, हे सगळं मोहक आहे, आणि त्यातली बरीचशी खरेदी आहे. बोरूचा एक गुण खरा: रेघ खोडता येत नाही, म्हणून माणूस ती मारण्यापूर्वी बघतो. पण तो गुण दहा रुपयांच्या बॉलपेनातही आहे.

उघड्यावर चौकट रोवून बसण्याचा एक धोका जुन्या ग्रंथांत सापडत नाही. शेताच्या कडेला दोन खांब, त्यांच्यामध्ये तारांचे चौकोन, आणि त्यातून एक डोळा मिटून बघणारा परका माणूस, हे दृश्य आपल्याकडे चित्रकलेचं मानलं जात नाही. ते मोजणीचं मानलं जातं. पंधरा मिनिटांत ‘रस्ता कुठून जाणार’, ‘गट नंबर कुठला धरलाय’, ‘मोबदला किती’ असे प्रश्न सुरू होतात आणि कुणीतरी घरातून सातबारा घेऊन येतं. समोरचा डोंगर काढतोय असं सांगून उपयोग नसतो. डोंगर काढायला दोन मिनिटं पुरतात, हे प्रत्येकाला शाळेपासून ठाऊक असतं. यावर उपाय एकच. सातबारा घेऊन आलेल्याला खुशाल चौकटीमागे बसवावं, डावा डोळा मिटायला सांगावं आणि हलू नका म्हणावं. तो आधी हसेल. मग गप्प होईल. मग पाचव्या घरातल्या आडव्या तारेशी आपला बांध पडताळून बघेल, आणि शेजाऱ्याने तो हातभर कोरलाय हे सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगेल.